व्हेंटिलेटर काढण्याआधी ट्यूबवरचा आकडा वाचा

व्हेंटिलेटरसाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेल्या, आतला व्यास ८ मिमी असलेल्या ट्यूबऐवजी ७ ची ट्यूब बसली, तर डोळ्यांना दिसणारा फरक फक्त १ मिमीचा असतो. त्या ट्यूबमधून श्वास ओढणाऱ्या पेशंटला मात्र सुमारे ७० टक्के जास्त अडथळा सोसावा लागतो. तरीही अनेक आयसीयूंमध्ये राउंडच्या वेळी फायओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण), पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात टिकवलेला दाब), एबीजी (रक्तातल्या वायूंची तपासणी) सगळं वाचून दाखवलं जातं आणि ट्यूबचा नंबर कुणी विचारत नाही. मग टी-पीसवर, म्हणजे मशीनच्या आधाराशिवाय नुसत्या ऑक्सिजनवर, ठेवलेला पेशंट अर्ध्या तासात घामाघूम होतो, फाइलमध्ये ‘वीनिंग फेल’ (व्हेंटिलेटर सोडवणं फसलं) असा शेरा पडतो आणि व्हेंटिलेटरचे दिवस वाढत जातात. त्यातले काही दिवस टाळता येतात, म्हणून हा लेख.

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूत ड्यूटी करणारे आरएमओ, सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे. लेख मोठ्या माणसांपुरता आहे, लहान मुलांचं गणित वेगळं असतं. औषधांचे आणि ट्यूब काढण्याचे निर्णय तुमच्या इंटेन्सिव्हिस्टचेच, म्हणजे आयसीयूतज्ज्ञांचेच. पण त्यांच्यापर्यंत योग्य माहिती पोहोचवणं बेडजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातात असतं.

आधी अडथळा समजून घ्या

जर्मनीत हागेन यांनी १८३९ मध्ये आणि त्याच सुमारास फ्रान्समध्ये प्वाझय यांनी अरुंद नळीतून द्रव कसा वाहतो याचे प्रयोग केले. त्यातून निघालेला नियम असा: प्रवाह शांत असेल तर अडथळा नळीच्या लांबीच्या प्रमाणात वाढतो, पण व्यास कमी होतो तसा त्याच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ८ वरून ७.५ वर आलात तर अडथळा सुमारे ३० टक्क्यांनी वाढतो, ७ वर आलात तर ७० टक्क्यांनी, आणि ६ वर आलात तर तो तिपटीहून अधिक होतो. ट्यूबमधून हवा जोरात जाते तेव्हा प्रवाह खळबळतो आणि व्यासाचा परिणाम आणखी तीव्र होऊन साधारण पाचव्या घातापर्यंत जातो. तेव्हा ७ ची ट्यूब ८ च्या जवळजवळ दुप्पट अडथळा करते.

लांबीचा परिणाम त्यामानाने किरकोळ आहे. वीनिंग सोपं व्हावं म्हणून बाहेर उरलेली ट्यूब दोन-तीन सेंमी कापायची कल्पना अधूनमधून कुणीतरी मांडतं. त्याने जेमतेम दहा टक्के फरक पडेल, आणि कनेक्टर निसटण्याचा किंवा ट्यूब आत सरकण्याचा धोका मात्र पदरी पडेल. त्यात पडू नका.

याहून महत्त्वाची गोष्ट हवेच्या वेगाची आहे. खळबळत्या प्रवाहात वेग दुप्पट झाला तर लागणारा दाब जवळजवळ चौपट होतो. मिनिटाला ६-७ लिटर हवा घेणाऱ्या शांत पेशंटला ७ ची ट्यूब फारशी जाणवत नाही. त्याच पेशंटला ताप चढला, रक्तात आम्ल वाढलं, दुखायला लागलं किंवा तो घाबरला आणि मिनिटाला १५ लिटर हवा ओढू लागला, की तीच ट्यूब जाचू लागते. नव्या सहकाऱ्यांना हे शिकवायचं असेल तर पाकिटातून काढलेली नवी ७ ची ट्यूब ओठांत धरायला सांगा, नाक चिमटीत पकडून आधी बसल्या जागी श्वास घेऊ द्या, मग दोन जिने चढून आल्यावर पुन्हा घेऊ द्या. परत समजवावं लागत नाही.

यातूनच एक उपाय निघतो, ज्याला ट्यूबला हातही लावावा लागत नाही. ताप उतरवा, वेदना आटोक्यात आणा, ॲसिडोसिसचं कारण शोधा. हवेची गरज कमी झाली की ट्यूबचा अडथळाही कमी होतो.

पायरी १: आकडा वाचा आणि लिहून ठेवा

ट्यूबच्या अंगावर आतला आणि बाहेरचा असे दोन्ही व्यास छापलेले असतात. आपल्याला हवा तो आतला. फाइलमधल्या नोंदीवर विसंबू नका, बेडजवळ जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पेशंट १०८ च्या ॲम्ब्युलन्समधून दुसऱ्या हॉस्पिटलातून आला असेल तर रेफरल चिठ्ठीत बऱ्याचदा फक्त ‘इनट्यूबेटेड’ (ट्यूब घातली आहे) एवढंच असतं. ऑपरेशन थिएटरमधून व्हेंटिलेटरवरच आलेल्या पेशंटला अनेकदा लहान ट्यूब असते, कारण भूलतज्ज्ञांनी ती काही तासांच्या हिशेबाने घातलेली असते.

ट्यूबचा प्रकारही पाहा. तारेचा वेढा असलेली फ्लेक्सोमेटॅलिक ट्यूब सहज वाकते, पण पेशंटने ती एकदा कचकन चावली तर तार चेपते ती चेपतेच, परत गोल होत नाही. नंबर ७.५ दिसेल आणि दातांपाशी आतली वाट अर्धीच उरलेली असेल. अशी ट्यूब घेऊन पेशंट आयसीयूत राहणार असेल तर बाइट ब्लॉक (दातांमध्ये ठेवायचा ठोकळा) पहिल्याच दिवशी लावा.

नोंद करताना तीन गोष्टी एकत्र लिहा: आतला व्यास, दातांपाशी किती सेंमीवर बांधली आहे, आणि कोणत्या दिवशी घातली. बायकांमध्ये साधारण २१ सेंमी आणि पुरुषांमध्ये २३ सेंमी ही खोली ठीक असते, खात्री एक्स-रेने करायची.

पायरी २: आत खरोखर किती जागा आहे ते तपासा

छापलेला आकडा नव्या, स्वच्छ ट्यूबचा असतो. पाच-सहा दिवस छातीत राहिलेल्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर स्रावाचा थर बसतो. हा थर सगळीकडून अर्धा मिमी असला तरी ८ ची ट्यूब ७ ची होते. कोव्हिडच्या लाटांमध्ये घट्ट, वाळलेल्या स्रावाने ट्यूब तुंबल्याचे प्रसंग अनेक आयसीयूंनी पाहिले. ज्यांनी ते पाहिलं, ते आजही दमटपणाच्या बाबतीत हयगय करत नाहीत.

तपासण्याची पद्धत अशी. पेशंट शांत असताना व्हॉल्यूम कंट्रोलवर (मशीन दर श्वासाला ठरावीक हवा देतं त्या मोडवर), ठरावीक स्थिर प्रवाह ठेवून, पीक प्रेशर (श्वास देतानाचा सर्वांत जास्त दाब) वाचा. मग इन्स्पिरेटरी होल्ड देऊन, म्हणजे आत दिलेला श्वास क्षणभर रोखून, प्लॅटू प्रेशर वाचा. दोन्हींतला फरक प्रवाहाने भागला की श्वासमार्गाचा अडथळा मिळतो. समजा प्रवाह मिनिटाला ६० लिटर, म्हणजे सेकंदाला १ लिटर आहे. पीक ३२ आणि प्लॅटू १८ असेल तर अडथळा १४ आला. हा आकडा एकटा फार काही सांगत नाही. पहिल्या दिवशी ९ होता आणि आज १४ आहे, हे खूप काही सांगतं. म्हणून इनट्यूबेशननंतरच्या पहिल्या शिफ्टमध्येच तो एकदा लिहून ठेवा असा माझा आग्रह आहे.

अडथळा वाढला असेल तर तो ट्यूबमध्ये आहे की फुप्फुसाच्या नळ्यांमध्ये, हे ओळखायचं. स्टेथोस्कोप लावा. दोन्हीकडे शीळ ऐकू येत असेल तर आधी ब्रॉन्कोस्पाझमचा (फुप्फुसाच्या नळ्या आकसण्याचा) विचार करा. सक्शन कॅथेटर अडकत जात असेल, ट्यूब वाकलेली किंवा दातांत दाबलेली असेल, तर दोष ट्यूबचा. कॅथेटर सहज गेलं म्हणून मात्र ट्यूब मोकळी आहे असं धरू नका. बारीक कॅथेटर अर्ध्या बुजलेल्या ट्यूबमधूनही आरामात जातं. स्क्रीनवर प्रवाहाची रेघ करवतीच्या दातांसारखी दिसत असेल तर आत स्राव किंवा सर्किटमध्ये पाणी साठलं आहे.

सक्शन कॅथेटरचा बाहेरचा व्यास ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. ट्यूबच्या नंबरातून २ वजा करून दुप्पट केली की फ्रेंच माप मिळतं: ८ च्या ट्यूबला १२, ७ ला १०. एका वेळचं सक्शन १५ सेकंदांच्या आत संपवा.

क्लोज्ड सक्शन (कॅथेटर पिशवीत बंद राहून सर्किटला जोडलेलंच असतं ती पद्धत) वापरत असाल तर आणखी एक सवय लावून घ्या. सक्शन झाल्यावर कॅथेटर पूर्ण मागे आलं आहे का, यासाठी त्यावरची खूण रोज पाहा. ४ मिमी जाडीचं कॅथेटर ७ च्या ट्यूबमध्ये राहून गेलं, तर पेशंटला वीन करणं सोडाच, त्याला गुदमरायला लावणं होतं. ही चूक दिसत नाही, कारण सगळं प्लास्टिकच्या पिशवीत झाकलेलं असतं.

पायरी ३: ट्यूबला जोडलेलं सगळं मोजा

पेशंटच्या तोंडापासून व्हेंटिलेटरपर्यंत एचएमई फिल्टर (श्वासाची ऊब आणि ओल धरून ठेवणारा), एल्बो, कॅथेटर माउंट अशी साखळी असते. प्रत्येक तुकडा थोडा अडथळा आणि थोडी वाया जाणारी जागा वाढवतो. धडधाकट पेशंट हे खपवून घेतो. सीओपीडीचा (श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजाराचा) कृश पेशंट, ७ ची ट्यूब आणि स्रावाने ओला झालेला एचएमई असा मेळ जमला तर चाचणीचा निकाल आधीच लागलेला असतो. अशा पेशंटला चाचणीपूर्वी हीटेड ह्युमिडिफायरवर घ्या. ते नसेल तर निदान एचएमई नवा लावा आणि नको असलेले जोड काढून टाका.

सीओपीडीत अडचण दुहेरी असते. अरुंद ट्यूबमुळे श्वास बाहेर पडायलाही वेळ लागतो, पुढचा श्वास सुरू होईपर्यंत छाती पूर्ण रिकामी होत नाही आणि ऑटो-पीप (आत अडकलेल्या हवेचा दाब) साठतो. मग पेशंट जोर लावतो, पण व्हेंटिलेटरला तो कळतच नाही. पोट आणि छाती हलताना दिसते, मशीन मात्र श्वास देत नाही, असं दिसलं तर हेच चाललेलं असतं.

पायरी ४: चाचणी कोणत्या पद्धतीने घ्यायची

पेशंट मूळ आजारातून सावरतो आहे, ऑक्सिजन आणि पीपची गरज कमी झाली आहे, रक्तदाब टिकतो आहे, तो खोकतो आणि सांगितलेलं ऐकतो, एवढं जमलं की स्वतःच्या श्वासाची चाचणी, म्हणजे एसबीटी, घ्यायची. दोन मुख्य पद्धती आहेत: टी-पीस किंवा ५ ते ८ सेंमी पाण्याइतका प्रेशर सपोर्ट (पेशंटच्या प्रत्येक श्वासाला मशीनने दिलेला दाबाचा आधार). ट्यूबचा व्यास इथे कामाला येतो.

पूर्वी दोन तास टी-पीस हा नेम होता. स्पेनमध्ये १,१५३ पेशंटांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३० मिनिटं ८ चा प्रेशर सपोर्ट आणि दोन तासांचा टी-पीस यांची तुलना झाली. प्रेशर सपोर्टच्या गटात ८२.३ टक्के पेशंटांची ट्यूब यशस्वीपणे निघाली, टी-पीसच्या गटात ७४ टक्के. माझ्या मते बहुतेक पेशंटांसाठी, आणि ट्यूब ७ किंवा त्याहून लहान असेल तर नक्कीच, ३० मिनिटांचा प्रेशर सपोर्ट पुरेसा आणि न्याय्य आहे.

मग ट्यूबचा अडथळा पूर्ण भरून काढून चाचणी सोपी करावी का? इथे थोडं थांबून विचार करायला हवा. ट्यूब काढल्यावर अडथळा नाहीसा होईल असं आपल्याला वाटतं. पण काही दिवस ट्यूब राहिल्यामुळे घसा आणि स्वरयंत्र सुजलेलं असतं. १९९८ मधल्या एका अभ्यासात ट्यूब काढल्यानंतरचं श्वासाचं काम आधी टी-पीसवर मोजलेल्या कामाइतकंच भरलं. म्हणजे ट्यूबने टाकलेला भार निघतो आणि त्याच्या जागी सुजलेल्या घशाचा भार येतो. म्हणून प्रेशर सपोर्ट ५ ते ८ ठेवा. ‘ट्यूब बारीक आहे ना’ म्हणून १२ वर चाचणी घेऊन पेशंट पास झाला असं लिहू नका.

काही व्हेंटिलेटरमध्ये ऑटोमॅटिक ट्यूब कॉम्पेन्सेशनची, म्हणजे ट्यूबचा अडथळा मशीनने आपोआप भरून काढण्याची, सोय असते. त्यात ट्यूबचा नंबर भरावा लागतो. चुकीचा नंबर भरला तर हिशेबही चुकीचाच होतो, आणि आत साठलेला स्राव किंवा वाकलेली ट्यूब मशीनला दिसत नाही.

टी-पीस मी एका गटासाठी आवर्जून राखून ठेवतो: हृदय कमजोर असलेल्या पेशंटांसाठी. प्रेशर सपोर्ट आणि पीप त्यांच्या हृदयाला आधार देत असतात. तो आधार काढल्यावर फुप्फुसात पाणी भरतं का, हे ट्यूब काढण्याआधी कळलेलं बरं.

चाचणी थांबवायची लक्षणं भिंतीवर लावून ठेवा: श्वास मिनिटाला ३५ च्या वर आणि तिथेच टिकलेले, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली, नाडी १४० च्या वर, वरचा रक्तदाब १८० च्या वर किंवा ९० च्या खाली, घाम, घाबरेपणा, मानेचे स्नायू ओढले जाणं.

पायरी ५: आरएसबीआयचा आकडा ट्यूबशेजारी ठेवून वाचा

मिनिटाचे श्वास भागिले लिटरमधला टायडल व्हॉल्यूम (एका श्वासातली हवा), म्हणजे आरएसबीआय, श्वास किती भरभर आणि उथळ आहे याचा निर्देशांक. यांग आणि टोबिन यांनी १९९१ मध्ये त्यासाठी १०५ ची रेषा आखली. २८ श्वास आणि ०.३५ लिटर असेल तर ८० येतो, ठीक. ३४ श्वास आणि ०.२८ लिटर असेल तर १२१, म्हणजे पेशंट पुन्हा दमण्याची शक्यता जास्त.

मात्र १९९६ च्या एका अभ्यासात दिसलं की बायकांमध्ये हा आकडा पुरुषांपेक्षा जास्त येतो, आणि ७ किंवा त्याहून लहान ट्यूब असेल तर विशेष. आपल्याकडे दीडशे सेंमी उंचीची, ४५ किलोची बाई ही अगदी नेहमीची पेशंट. तिचा टायडल व्हॉल्यूम मुळातच लहान. तिचा आकडा ११० आला आणि ती शांत पडून मुलाकडे पाहून हात हलवते आहे, तर केवळ आकड्यासाठी चाचणी नाकारू नका. पेशंटकडे पाहा. आकडा मोजताना किती प्रेशर सपोर्ट होता तेही लिहा, कारण सपोर्टवर तो खाली येतो.

पायरी ६: ट्यूब काढण्याआधी घशाचा अंदाज

इथे मोठी ट्यूब अडचणीची ठरते. लहान श्वासनलिकेत जाड ट्यूब बरेच दिवस राहिली की स्वरयंत्राला सूज आणि जखम होण्याची शक्यता वाढते. म्हणूनच ‘प्रत्येकाला ८’ हा उपाय मला मान्य नाही. बायकांना ७ ते ७.५, पुरुषांना ७.५ ते ८ आणि उंचीकडे लक्ष, हा व्यवहार्य मध्य. ब्रॉन्कोस्कोपी (दुर्बिणीने श्वासमार्गाची तपासणी) लागेल असं आधीच दिसत असेल तर मोठ्या बाजूला झुका.

कफ लीक टेस्ट, म्हणजे ट्यूबभोवतीचा फुगा (कफ) रिकामा करून बाजूने किती हवा गळते ते पाहणं, सगळ्यांना नको. सहा दिवसांहून जास्त ट्यूब, बाई, मोठी ट्यूब, खटपटीचं इनट्यूबेशन, स्वतःहून ट्यूब उपसल्यामुळे पुन्हा घातलेली ट्यूब, अशांना करा. आधी तोंडातलं आणि ट्यूबमधलं सक्शन करा. व्हॉल्यूम कंट्रोलवर कफची हवा काढा, सहा श्वासांचे बाहेर आलेले व्हॉल्यूम लिहा आणि त्यातल्या सर्वांत कमी तिनांची सरासरी आत दिलेल्या व्हॉल्यूममधून वजा करा. गळती ११० मिलीपेक्षा कमी असेल तर सुजेची शंका घ्या. पण लहान चणीच्या बाईच्या घशात ८ ची ट्यूब असेल तर सूज नसतानाही गळती कमी येईल, कारण बाजूने जायला जागाच नाही. अमेरिकेतल्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अशा जोखमीच्या पेशंटांत गळती कमी आली तर ट्यूब काढण्याच्या किमान चार तास आधी स्टिरॉइड द्यावं. तेवढ्यासाठी ट्यूब दिवसेंदिवस अडवून ठेवायची नसते.

चाचणी फसली तर

पेशंटला आधी आरामदायी सपोर्टवर परत घ्या आणि दमलेल्या स्नायूंना विश्रांती द्या. त्याच दिवशी पुन्हा पुन्हा चाचण्या घेऊ नका. मग पायरी १ ते ३ परत तपासा. हृदय, पाण्याचा ताळेबंद, पोटॅशियम, फॉस्फेट, झोप, पोषण हेही पाहा. ट्यूबचा व्यास हे एकमेव कारण फार क्वचित असतं. काठावर असलेल्या पेशंटला मात्र तो पलीकडे ढकलतो.

‘मग ७ काढून ८ घालू या’ ही सूचना आली तर मी विरोध करतो. सुजलेल्या घशात ट्यूब बदलताना श्वासमार्गच हातचा जाण्याचा धोका असतो, आणि मिळणारा फायदा तीन पॉइंट प्रेशर सपोर्टने भागतो. ट्यूब खरोखर तुंबली असेल, कफ फुटला असेल, तर बदलावीच लागते. तेव्हा एक्स्चेंज कॅथेटर (ट्यूब बदलताना मार्ग धरून ठेवणारी नळी), अनुभवी हात आणि पर्यायी तयारी बेडजवळ हवी. काठावरच्या सीओपीडी पेशंटची ट्यूब काढून लगेच मास्कने एनआयव्ही (ट्यूबशिवाय व्हेंटिलेटरचा आधार) लावणं हा बऱ्याचदा जास्त शहाणपणाचा मार्ग असतो.

ट्यूब काढल्यावर पहिले काही तास श्वास आत घेतानाच्या आवाजाकडे कान ठेवा. स्ट्रायडॉर (सुजलेल्या घशातून येणारा कर्कश आवाज) आला तर ॲड्रेनलिन नेब्युलायझेशन आणि स्टिरॉइड, पण त्याचबरोबर पुन्हा इनट्यूबेशनची तयारीही. तेव्हा ट्रॉलीवर आधीच्या नंबरापेक्षा अर्ध्या आणि एक मापाने लहान ट्यूबही काढून ठेवा.

नातेवाईक विचारतात, ‘नळी लहान घातली म्हणून आमचा माणूस निघत नाही का?’ त्यांना खरं सांगा: नळीमुळे थोडं जास्त काम पडतं, ते आम्ही मशीनच्या आधाराने भरून काढतो आहोत, आणि मुख्य कारण अमुक आहे. घाईच्या वेळी जी नळी गेली तिनेच जीव वाचवला, हेही सांगा.

ट्रॅकिऑस्टॉमीत गणित उलटतं

ट्रॅकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्याला पुढून छेद देऊन थेट श्वासनलिकेत बसवलेली, ट्यूब आखूड असते, हे चांगलं. पण तिच्या नंबरावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. शायली कंपनीच्या आतली नळी असलेल्या जुन्या मापाच्या ६ नंबर ट्यूबचा आतला व्यास ६.४ मिमी आणि बाहेरचा १०.८ मिमी, ८ नंबरचा आतला ७.६ आणि बाहेरचा १२.२. दुसऱ्या कंपनीच्या ८ नंबरचा हिशेब वेगळा. पाकिटावरचे मिमी वाचा आणि ते आतली नळी बसवलेली असतानाचे आहेत का, हेही पाहा.

पेशंट ट्यूबच्या आतून श्वास घेतो तोवर मोठी ट्यूब बरी. स्पीकिंग व्हॉल्व्ह (बोलता यावं म्हणून लावायची एकमार्गी झडप) लावला की बाहेर टाकलेला श्वास ट्यूबच्या बाजूने वर जातो. ट्यूबला टोपी लावली की दोन्ही श्वास बाजूनेच. तेव्हा लहान ट्यूब बरी. श्वासनलिका १५ मिमीची धरली तर १२.२ मिमीच्या ट्यूबभोवती उरणाऱ्या जागेपेक्षा १०.८ च्या ट्यूबभोवतीची जागा सुमारे ४० टक्के जास्त असते. म्हणून टोपी लावल्यावर पेशंट दमला तर लगेच ‘अजून तयार नाही’ असं ठरवू नका. ट्यूब एक मापाने लहान करून, शक्यतो कफ नसलेली घालून, पुन्हा पाहा. त्यानंतरही जमत नसेल तर ईएनटीच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने वरचा मार्ग तपासून घ्या, तिथे ग्रॅन्युलेशन (वाढलेले मांसल कोंब) किंवा आकसलेली जागा असू शकते.

व्हॉल्व्ह किंवा टोपी लावण्याआधी कफमधली हवा सिरिंजने पूर्ण काढा. पायलट बलून (कफला जोडलेला बाहेरचा छोटा फुगा) चिमटीत दाबून तो रिकामा असल्याची खात्री करा. फुगलेल्या कफवर व्हॉल्व्ह लागला तर आत घेतलेला श्वास बाहेर पडायला वाटच उरत नाही. बेडच्या डोक्याशी मोठ्या मराठी अक्षरांत सूचना लावा: ‘व्हॉल्व्हआधी कफ रिकामा’.